पाच मैल

मी बेटावर राहतो, हे मला चोवीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची खोली. समोर खोली, मागं खोली, डोक्यावर खोली. पाऊस पडून हवा धुतली गेली की पार पूर्वेला खाडीचं पाणी चकाकतं. लहानपणी वाटायचं, कुणीतरी पत्रे वाळत घातलेत. बेट म्हणजे गोष्टीतलं. नारळाची झाडं, फुटलेलं जहाज, एक गोरा मालक आणि त्याचा काळा नोकर. आमच्या वस्तीत नारळाचं झाड नव्हतं, त्यामुळं बेटाचा संशय यायचं कारणच नव्हतं.

मी दहावीला इंग्रजीत आपटलो तो कायमचा. त्यानंतर जे काही शिकलो ते आमच्या विहारातल्या लोखंडी कपाटातून. दोन वर्षांपूर्वी त्याच कपाटात एक जुना, घडीवर फाटलेला नकाशा सापडला. त्यावर बोट फिरवत बसलो. वर वसईची खाडी. उजव्या अंगाला ठाण्याची खाडी. डाव्या अंगाला समुद्र. खाली माहीमची खाडी. मधी साष्टी. सहासष्ट गावं म्हणून साष्टी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळं तिच्या पोटात. खालची मुंबई तर सात बेटं भराव घालून जोडलेली. म्हणजे आपण सगळे बेटकरी. फक्त नारळ नाहीत.

रोज मी बेट सोडून जातो आणि रोज परत येतो. घाटकोपरहून ठाण्यापर्यंत लोकल. ठाण्याहून एस्टी मिळाली तर एस्टी, नाहीतर शेअर रिक्षा, आपल्या मांडीवर दुसऱ्याची मांडी. बाळकुम संपलं की कशेळीचा पूल. खाली उल्हास नदीचं काळं पाणी. पूल ओलांडला की बेट संपलं, भिवंडी तालुका सुरू. तिथं एका सायझिंगमध्ये मी कामाला आहे. सुताला खळ लावायची, सूत बीमवर गुंडाळायचं, बीम लूमवाल्याकडं पाठवायचा. वाफ, खळीचा आंबूस वास, अंगाला चिकटलेला कापूस. घरी सगळे अजून 'गिरणी'च म्हणतात. पोरगा गिरणीला गेलाय.

हा शब्द आज्जाकडून आला. आज्जा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. साचेखात्यात पगार जास्त. पण पूर्वी आपल्या माणसाला तिथं शिरकाव नव्हता. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला होता. आज्जाच्या काळापर्यंत नियम मोडला होता, पण चांगलं खातं वशिल्यानं मिळायचं आणि वशिला काही आपल्याकडं नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर आला. आज्जा परत आत गेलाच नाही. परळची खोली गेली, घाटकोपरचा डोंगर आला. डॉक्टर सामंतांना मात्र त्यानं मरेपर्यंत शिवी दिली नाही.

नकाशा बघायचा नाद लागला तसं एक कळलं. बेटावर कोण कशानं पाणी ओलांडतो, ह्यावरनं त्याची इयत्ता ठरते.

माहीम आणि वांद्र्याच्या मधी पूर्वी होड्याच होत्या. बुडायच्या. सरकार खर्चाला हात आखडत होतं. तेव्हा लेडी अवाबाई जमशेदजी ह्या पारशी बाईनं दीड लाखाच्या वर रुपये दिले आणि १८४५ ला तिथं पक्का रस्ता झाला. ज्याला पाय आहेत तो चालत पलीकडं जाऊ लागला. आता शिवडीचा अटल सेतू घ्या. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरनं. सुरू झाला तेव्हा मोटारीला एका बाजूचा टोल अडीचशे रुपये. मोटारसायकलला मनाई. रिक्षाला मनाई. चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. पूल बांधायला आपली माणसं होती. कॉन्क्रीट ओतलं, सळ्या वाकवल्या. आता तीच माणसं त्या पुलाकडं लांबून बघतात.

असं सगळं मी मित्रांना तावातावानं सांगायचो. कविता पण लिहिल्या. माझ्या कवितांत समुद्र फार. उसळतो, पेटतो, मूठ आवळतो. तुमच्यातल्या काहींनी त्या ऐकल्यात, टाळ्या पण दिल्यात.

मग मागच्या हिवाळ्यात आजी म्हणाली, "मला त्या पॅगोडाला ने."

गोराईचा सोनेरी घुमट तिनं टीव्हीवर पाहिलेला. ८ फेब्रुवारी २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही आणि एका वेळी आठ हजार माणसं बसतात. मी नाक मुरडलं. आपण कार्यकर्ते. म्हटलं, तिथं सगळे डोळे मिटून बसतात, आपला बुद्ध डोळे उघडे ठेवून चालणारा. आजी म्हणाली, "तुजं भाषण येताना ऐकते. आधी जाऊ."

घाटकोपर ते बोरिवली नकाशावर वीतभर. पण मधी जंगलाचा डोंगर, आणि आगगाड्या सगळ्या उत्तर-दक्षिण. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला जायचं म्हणजे आधी ३४० नंबरच्या बसमध्ये अंधेरीपर्यंत गुडघे मोडून घ्यायचे. ८ जून २०१४ पासून मेट्रो आहे. आजी सरकत्या जिन्यापाशी थांबली. "ह्यो जिना इचारत न्हाय, नुस्ता नेतो," म्हणाली. साध्या जिन्यानं चढलो. अंधेरीला लोकल पकडली. बोरिवलीला बेस्टची बस. शेवटचा थांबा गोराईची खाडी. तिथून होडी.

ह्या होड्या आमच्या पूर्वेकडच्या माणसाला माहीतच नसतात. वर्सोव्याहून मढ पाण्यावरनं पाच मिनिटं. रस्त्यानं जायचं तर मालाडचा वळसा घालून २७१ नंबरची बस. मार्वेहून मनोरीचं तसंच. होडीत मोटारसायकल चढते, कोळणीची पाटी चढते, शाळेची पोरं चढतात, गॅसचा बाटला चढतो. तिथल्या माणसाला त्यात काही नवल नाही. होडी चुकली तर तो शिवी देतो आणि पुढच्या होडीची वाट बघतो, आपण लोकलची बघतो तशी.

ओहोटी होती. धक्क्यावरनं होडीत फळी टाकलेली. माणसं पटापट उतरली. मी वळून बघतो तर आजी भिंतीला लागून उभी. पदर डोक्यावरनं घट्ट ओढलेला.

"चल ना."

"जाऊ दे त्यांना आधी."

"अगं, जागा भरंल."

"भरू दे."

सगळे चढले. मग ती पुढं आली आणि होडीवाल्याला विचारलं, "दादा, मी कुठं बसू?"

होडीवाला पोरगा माझ्याच वयाचा. अंगात कुठल्यातरी फुटबॉल टीमचा शर्ट. त्याला प्रश्नच कळला नाही. "कुठं पण बस ना आजी." त्यानं तिला चढवायला हात पुढं केला. आजीनं आपला हात झटकन मागं घेतला. चटका बसल्यावर घेतात तसा. फळी हलली. मग त्या पोरानं काही विचारलं नाही. सरळ दंड धरला आणि तिला आत घेतलं. "पडशील म्हातारे!"

आजी पार शेवटाला गेली. इंजिनापाशी, जिथं डिझेलचा धूर तोंडावर येतो तिथं, खाली फळीवर बसली. पुढं बाकावर जागा होती. मी हाक मारली. तिनं मान हलवली. हितंच बरं.

मला वाटलं, पाण्याला घाबरली. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरनं रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या घरोघरी ती गोष्ट पोरांना सांगायचे. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, ते तर आम्ही दोघांनी टीव्हीवर बघितलेलं. पण तिची नजर पाण्याकडं नव्हतीच. ती माणसांकडं बघत होती. कुणी आपल्याकडं बघतंय का, ते बघत होती.

मला राग आला. तिचाच आला. चार लोकांत माझी आजी अशी अंग चोरून बसते ह्याची लाज वाटली. हे लिहितानाही लाज वाटते, पण ती वेगळी लाज.

पॅगोडा बघून झाला. आत ती हात जोडून बराच वेळ बसली. बाहेर येऊन सावलीला डबा सोडला. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. मी विचारलं, "तिकडं मागं का बसलीस?" तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि सांगायला लागली. कुणी कालचा बाजार सांगावा तशी.

तिचं माहेर सावित्रीच्या खाडीकाठी, महाडच्या खालच्या अंगाला. बाजार, डॉक्टर, सगळं पलीकडच्या काठाला. मधी तर.

"आधी वरची मानसं बसायची. मंग तरवाला बगायचा. जागा ऱ्हायली तर शेवटाला आमी. न्हायतर फुडची खेप. फुडच्या खेपेला आनि मानसं आली तर तिच्या फुडची. पैसा हातात घ्यायचा न्हाय. फळीवर ठेवायचा. त्यो त्याच्यावर पानी मारायचा, मंग उचलायचा. खाडीचंच पानी. खारं."

आजीला तेव्हा आठवं-नववं वर्ष असेल. तिच्या पाठचा भाऊ तापानं फणफणलेला. बापानं त्याला खांद्यावर घेतलं, हिला संगं घेतलं आणि तिघं धक्क्यावर आली. बाजारचा दिवस. पहिली खेप भरली. दुसरी भरली. तिसऱ्या खेपेपर्यंत ओहोटी लागली आणि तर चिखलात बसली. "मंग भरतीपत्तर थांबलो," आजी म्हणाली. "भरती आली तवा काय काम ऱ्हायलं न्हवतं."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "त्याचं नाव बारका. बारसं झालं व्हतं, पन बारकाच म्हनायचो."

हिशेब केला तर ते १९५४-५५ साल येतं. १९५५ लाच दिल्लीत अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. मी तो काढून वाचला. सार्वजनिक वाहनात बसायला आडकाठी करणं हा त्यात गुन्हा आहे. 'जागा' म्हणजे काय ते सांगताना कायद्यात घर येतं, तंबू येतो, गाडी येते आणि होडीही येते. कायद्याला होडी माहीत होती. पण धक्क्यावर कायदा घेऊन येणारं कुणी नव्हतं, आणि ओहोटी त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

सव्वीस वर्षं मी ह्या बाईच्या हातची भाकरी खातोय. समुद्रावर पंधरा-वीस कविता लिहिल्या. तिला एकदा विचारलं नाही, आजी, तू पाणी कशी ओलांडलीस?

घरी आल्यावर महाडचं प्रकरण पुन्हा काढून बसलो. आपल्याला ते तोंडपाठ आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, चवदार तळं, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. पण माणसं महाडला पोचली कशी, हे आपण भाषणात सांगत नाही. त्या वेळचा सरळ रस्ता होता मुंबईहून धरमतर आणि तिथून मोटारबसनं महाड. तो सोडून बाबासाहेब दोनेकशे प्रतिनिधी घेऊन २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीनं दासगावला निघाले. का? बसमालकांनी बहिष्कार घातला तर धरमतरपासून महाड चाळीस मैल चालावं लागेल. दासगावपासून पाचच मैल. दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. सत्याग्रही वाट बघत होते. तिथून सगळे रांगेनं चालत महाडला गेले. मंडपाला जागा पण कुणी देत नव्हतं, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली.

दासगाव म्हणजे आजीच्या माहेरची खाडी. तीच सावित्री. तिच्यावरचाच महाडजवळचा जुना ब्रिटिशांच्या वेळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि दोन एस्ट्या वाहून गेल्या. त्यातली एक राजापूर-बोरिवली होती.

मित्रांनो, ह्या पाच मैलांचा मी फार विचार केला. त्यात घोषणा नाही, हिशेब आहे. गाडी कुणाची, ती ऐन वेळी आपल्याला नाकारली तर काय, आपले पाय किती चालू शकतात, हे आधीच मांडून ठेवलेलं. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला धावली. म्हणजे बस ही तेव्हा नवी कोरी गोष्ट. पण वाहन नवं आलं तरी मालक जुनाच होता. बाबासाहेबांना हे पुस्तकातनं कळलं नव्हतं. १९०१ ला मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या पोराला बैलगाडीवाल्यानं जात कळल्यावर गाडीत घेतलं ते दुप्पट भाड्यावर, आणि पोरांनीच गाडी हाकायची ह्या अटीवर. १९२९ ला चाळीसगावात टांगेवाले त्यांचा टांगा हाकायला तयार होईनात. हाकायला नवखा माणूस बसला, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. बैलगाडी, टांगा, बस, होडी. आपला इतिहास ह्या चाकांवर आणि वल्ह्यांवर पण लिहिलेला आहे.

आता होडीवाला हात धरून आत घेतो. हे बदललं. खोटं कशाला बोलू? पण माझ्याबरोबर काम करणारा एक जण रोज डबा खाताना गोड बोलतो. पूर्ण नाव काय रे? गाव कुठलं? आडनाव काय म्हणालास? तीन प्रश्नांत तो मला इंजिनापाशी नेऊन बसवतो. धूर दिसत नाही एवढंच.

आणि दुसरं. ९ मे २०२५ पासून बेस्टचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. २०१९ ला तेच आठाचं पाच केलं होतं. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या, कंत्राटदाराच्या वाढत गेल्या. आमच्या शेजारची बाई दोन बस बदलून धुणीभांडी करायला जाते, दोन बस बदलून येते. चार तिकिटं. रोजचे वीस रुपये जास्त. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पाचशेवीस. ती आता एक बस चालत काढते. तिचे मैल कोण मोजतं?

आपण जयंतीला मिरवणूक काढतो. काढलीच पाहिजे. ६ डिसेंबरला दादरला जातो. गेलंच पाहिजे. पण वस्तीची बस बंद झाली म्हणून आपल्यातला एक जण डेपोवर गेला नाही. मी पण नाही. आपल्याला तो सवाल चळवळीचा वाटलाच नाही. बस म्हणजे काय, साधी गोष्ट. बाबासाहेबांना ती साधी वाटली नव्हती. एवढं तरी करू. प्रत्येकानं आपल्या वस्तीची एक वही करायची. पहिली बस किती वाजता, शेवटची किती वाजता, तिकीट किती, गाडी कुणाची, आणि तिच्यावाचून कोण किती चालतं. वही भरली की डेपोवर जाऊ. रिकाम्या हातानं जाऊन घोषणा दिल्या तर तो चहा पाजून परत पाठवतो. आकडे घेऊन गेलो तर त्याला खुर्ची द्यावी लागेल.

त्या दिवशी परत येताना भरती होती. पाणी धक्क्याला लागलेलं. आजी पुन्हा मागंच उभी राहिली, सगळे चढेपर्यंत. सत्तर वर्षांची सवय, एका खेपेत थोडीच जाणार. होडी तीच, पोरगा तोच. त्यानं हात पुढं केला. ह्या वेळी आजीनं हात मागं घेतला नाही. धरला. चढली, बसली, आणि धरूनच बसली.

"आजी, सोड आता," पोरगा म्हणाला, "मला दोरी सोडायचीय."

घाटकोपरला पोचलो तेव्हा वर डोंगराकडं जाणारी बस आलीच नाही. पाऊण तास थांबलो आणि चालायला लागलो. तीनदा बसत बसत वर गेलो.

ह्या २५ डिसेंबरला दासगावला उतरून महाडपर्यंत चालायचं मी ठरवलंय. ज्याला यायचं त्यानं यावं, पाचच मैल आहेत. आजी म्हणते, मी पण येते, पण एस्टीनं. आणि मला पुढची सीट धर.